पॉलीन आली का?

लिव्हरपूल, बुधवार

प्रिय विनीताई,

तुझा गुडघा आता कसा आहे? दमट हवेत ठणकतो, म्हणून जिने चढत जाऊ नकोस (माझ्या कबुतरांच्या खुराड्याची शिडी सोडून, तिला कुणी जिना म्हणत नाही). आमची प्रकृती इथे उत्तम आहे, म्हणजे डिलिसची आहे. मला झोप नाही, भूक नाही, आणि खुर्चीत टेकलं की मुंग्या चावल्यासारखं होतं. बाकी मजेत. फोन करायचा नाही असं मी डिलिसला वचन दिलंय. पत्राचा विषय निघाला नव्हता.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलांनी आम्हाला हॉटेलातला हा आठवडा भेट दिला, हे तुला माहीतच आहे. इतक्या वर्षांत आम्ही कुठेच गेलो नाही, कारण उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार कबुतरांच्या शर्यतीचा, आणि हिवाळ्यात कोण जातं मरायला? डिलिस म्हणाली, "तुला नदी ओलांडायची म्हटलं तरी धाप लागते, तर नदीपलीकडे लिव्हरपूललाच जाऊ. पाहुण्यांसारखं राहू, आणि कबुतराचं नावही काढायचं नाही." मी हो म्हणून बसलो. तेव्हा पॉलीन हरवलेली नव्हती! शनिवारी फ्रान्समधून सोडलेली माझी सगळी पाखरं रविवारपर्यंत घरी आली, फक्त माझी निळी पॉलीन, जी कधी दाण्याची वेळ चुकवत नाही, तीच आली नाही. आणि सोमवारी सकाळी पाखरं तुझ्यावर सोपवून मला बॅगा उचलाव्या लागल्या. ताई, जीव नुसता टांगणीला लागलाय गं.

त्यात खोली नदीच्या बाजूची मिळाली. खिडकीतून समोर आपलं सीकम दिसतं. डिलिसने प्रेक्षणीय स्थळं बघायला दुर्बीण आणली आहे; तिच्यातून आपल्या गल्लीतली धुराडी स्वच्छ दिसतात, पण खुराड्याच्या आड नेमकं शेजारच्या त्या ऑग्डनचं नवं छप्पर येतं. (त्या माणसाला छप्पर घालायला हाच महिना सापडला.) काल सकाळी तू अंगणात दाणे टाकताना दिसलीस म्हणून मी हातसुद्धा हलवला, पण ती कुणाची तरी वाळत घातलेली चादर होती. राग मानू नकोस.

मग काल बोटीची सैर. भोंग्यातून एक बाई नदीचा इतिहास सांगत होती, परदेशी पाहुणे फोटो काढत होते, आणि बोट लागली कुठे? सीकमच्या धक्क्याला! घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी सहज उठलो, पाय मोकळे करायला, तर डिलिसने मागून कोट धरून खाली बसवलं. "पाहुणे इथे उतरत नाहीत," म्हणाली. शेजारच्या जपानी बाईंनी तेवढ्यात धक्क्याचा फोटो घेतला. त्यात मी आहे, अर्धा उठलेला.

आजचं मात्र दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐक. दमलेलं पाखरू वाट चुकलं की शहरातल्या भटक्या कबुतरांत मिसळतं. त्यामुळे इथे डिलिस इमारती बघते आणि मी कबुतरांचे पाय बघतो, शर्यतीच्या पाखराचं कडं दिसतं का म्हणून. दोन्ही कॅथेड्रल, गोदी, संग्रहालय, सगळं मी गुडघ्याच्या खालीच पाहिलं. (नदीकाठच्या मनोऱ्यांवरचे ते दोन तांब्याचे पक्षीही दुर्बिणीतून तपासले. पायात कडं नाही.) आज सेंट जॉर्जेस हॉलच्या पायऱ्यांवर एका लग्नाचे फोटो चालले होते, आणि तिथे निळी मादी, पायात कडं! मी "पॉलीन!" म्हणून ओरडलो. ती गेली नवरीच्या घोळदार झग्याखाली, आणि तिच्या मागे मी. पाखरू हातात आलं, पण झगा डोक्यावर, आणि नवरीच्या मावशीची छत्री पाठीत. रखवालदार धावत आला. "काय आजोबा, हॉटेलात जेवण देत नाहीत का?" मग डिलिसला विचारलं, "हे तुमचे का?" डिलिस म्हणाली, "आयुष्यात पाहिलं नाही यांना." मी सीकमचा म्हटल्यावर तो म्हणाला, "तरीच. पलीकडचे!" आणि नवरीसकट सगळे हसले. कडं बघितलं तर पाखरू बेल्जियमचं.

बाकी शहर छान आहे.

तुझा धाकटा भाऊ,
एडविन

ता. क. संध्याकाळी खुराड्याची झडप उघडी ठेवून वाटाण्याचा डबा जोरात वाजव. पॉलीन तो आवाज कुठूनही ओळखते.

ता. क. २. ती आली तर हॉटेलात फोन कर आणि गुडघ्यावर पडलीस म्हणून सांग. मी पहिल्या बोटीने येतो. पत्र टाकायला डिलिसच निघाली आहे. तिला वाटतंय मी फक्त तुझी विचारपूस केली आहे.

ता. क. ३. वन्सं, मी डिलिस. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. पॉलीन सोमवारी संध्याकाळीच सुखरूप आल्याचा तुमचा निरोप मला हॉटेलात मिळाला होता. एडविनला मी सांगितलेलं नाही, तुम्हीही आम्ही शनिवारी परतेपर्यंत सांगू नका. त्याचा जीव कासावीस झालेला दिसतो, आणि मला वाईटही वाटतं. पण चाळीस वर्षांत हा माणूस माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे चालला नव्हता. आता रोज सकाळी माझ्याआधी बूट घालून दारात उभा असतो. उद्या सेफ्टन पार्कात जाणार आहोत. तिथे एक निळी मादी फिरते असं मीच त्याला सांगितलंय.