दोनशे पंचाहत्तर मीटर

३ जानेवारी, सकाळी ९
नवी डायरी. संकल्प: साइटवर रोज वाऱ्याची नोंद, कंट्रोल रूम मॅन्युअलची दहा पानं, पोट कमी. कोळशाचा पॉवर प्लांट उभा राहिला की शिफ्ट इन्चार्ज मीच. साहेबांना विचारलं तर "बघू" म्हणाले. साहेब उगाच बोलत नाहीत.

१९ जानेवारी
बायकोला दुसऱ्या शहरात हेडनर्सची जागा मिळाली. मुलीला घेऊन तिघंही जाऊ म्हणाली. समजावलं, ऐन वेळी साइट सोडली तर लोक काय म्हणतील? कोण लोक, असं तिने विचारलं. साइटवर मी आणि वॉचमनमामा. मामाही माणूसच आहेत.
मॅन्युअल: शून्य पानं. मूड गेला.

८ फेब्रुवारी
बायको आणि मुलगी गेल्या. तात्पुरतंच आहे. क्वार्टर्स बांधून झाले की बोलावून घेतो. घर एकदम शांत, अभ्यासाला उत्तम. झोपलो.

२ मार्च
मुलीचा फोन. बाबा काय करतात, असं शाळेत विचारलं. तिने "चिमणी बांधतात" सांगितलं. वर्ग हसला. म्हटलं, दोनशे पंचाहत्तर मीटर उंच आहे, सांग त्यांना. "आहे?" म्हणाली. शब्दात पकडते. आईवर गेलीय.

२१ एप्रिल
चिमणीच्या नियोजित जागेवर मामांनी टोमॅटो लावलेत. आज लाल झाले तेव्हा दिसले. साइटवर माझी करडी नजर असते. खडसावलं. काम सुरू झालं की लगेच उपटतो म्हणाले. किलोभर घरी आणले.

१५ जून
हेड ऑफिसला फोन. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठला प्रोजेक्ट? बावीस मिनिटं होल्डवर. मग कट झाला. लाइन खराब असणार.

९ ऑगस्ट, दुपार
हेड ऑफिसचा माणूस वाऱ्याचं यंत्र काढून न्यायला आला. प्लांट रद्द. कधी, विचारलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणाला. तुम्हाला कळवायचं राहून गेलं वाटतं.
जानेवारीत दोघी इथेच होत्या.
काही वाटलं नाही. त्याला शिडी धरली.

१० ऑगस्ट, सकाळी १०
बायकोला फोन केला. साइट सोडायचं ठरवलंय, तिकडे येतो, असं सांगितलं. ती म्हणाली, आमची आता घडी बसलीय. तू एवढ्यात नको येऊस. म्हटलं, हरकत नाही, मलाही इथलं सगळं आवरायला महिनाभर लागेलच.
आवरायला घेतलं.
अकराला झालं.