धरणाआडची ओहोटी

आपेलडोर्न, ३ सप्टेंबर १९७२

ती. लेव्हिनदादास,
मिनाचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. तिकडची खुशाली वहिनीच्या हातची येऊ दे. तू लिहितोस तेव्हा तुझ्या कामावरच्या पंपघराची तब्येत कळते, माणसांची नाही.

पत्राचं कारण बाबा. घरी जायचं म्हणून हटून बसलेत. पडल्यानंतर आपण त्यांना माझ्याकडे आणलं, तेव्हा खाडी वाहती होती. धरण पुरं झाल्याचं मी सांगते, पण सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नाही. परवा जावयांनाच विचारत होते, कालवांच्या वाडीवर कोण जातंय म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, न्यायचं तर थंडीच्या आत न्या. तुला झेपेल का ते सरळ लिही. त्या दगडी बांधावरचं भाषण नको.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मिना

*

वेस्टकेर्के, ७ सप्टेंबर १९७२

चि. सौ. मिना हिस,
लेव्हिनचे अनेक आशीर्वाद.

बांध दगडी नाही. सिमेंटच्या पोकळ पेट्या ओढत आणून बुडवल्या आणि त्यावर वाळू चढवली. दगड फक्त तोंडाला आहे. हे तुला मागेही लिहिलं होतं.

बाबांना अवश्य आणतो. स्वतः गाडी घेऊन येतो. आता फेरीबोटीची वाट बघावी लागत नाही, धरणावरून थेट रस्ता आहे. मी शाळा लवकर सोडली, पण या धरणाचं जे जे छापून आलं ते सगळं वाचलंय. बाबांना नीट समजावून सांगणारा माझ्याइतका दुसरा कोणी सापडायचा नाही. त्रेपनच्या पुरात ज्या पाण्यात आपली आई गेली, ते पाणी आता दाराशी येऊ शकत नाही. हे त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच माझी इच्छा. तुझ्या वहिनीनं, टानेत्येनं, खाडीकडची खोली झाडून ठेवली आहे.

मुलांना आशीर्वाद. आमची आठवण असू दे.

तुझा,
लेव्हिनदादा

*

वेस्टकेर्के, १९ सप्टेंबर १९७२

चि. सौ. मिना हिस, अनेक आशीर्वाद.

बाबा सुखरूप पोचले. धरणावर गाडी थांबवली तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि छान आहे म्हणाले. मला बरं वाटलं.

पण ते जेवत नाहीत.

तुला लहानपणचं आठवत असेल. कालवांच्या वाडीवरची माणसं ओहोटीला चिखलात उतरायची आणि काम आटोपून वर आली की मग गरम जेवण. गावभर हीच रीत होती. घड्याळाकडे कोणी बघत नसे, चुली ओहोटीवर पेटायच्या. तुझ्याकडे समुद्रच नाही, म्हणून ते बारा वाजता मुकाट जेवत होते. इथे खिडकीतून खाडी दिसते. सकाळपासून खुर्ची बंदरावर मांडून बसतात. टानेत्ये बटाटे आणि तळलेली मासळी नेते, तर म्हणतात, "ठेव सूनबाई. पाणी अजून उतरलं नाही."

मी कागदावर आकृती काढून दाखवली. आता भरती नाही, ओहोटीही नाही, पाणी तळ्यासारखं उभं आहे. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, मान हलवली, चांगलं समजावलंस म्हणाले आणि विचारलं, मग आज ओहोटी केव्हा?

कॉफी आणि लोण्याच्या गोड गोळ्या, एवढंच पोटात जातंय. तू काही सुचव.

तुझा,
लेव्हिनदादा

*

आपेलडोर्न, २२ सप्टेंबर १९७२

ती. दादास, सा. न. वि. वि.

आकृत्या कसल्या काढतोस? दक्षिणेकडची खाडी अजून उघडी आहे ना? तिकडे ने. पाणी उतरलेलं दिसू दे आणि वाढ. तेही जमलं नाही तर मला कळव, मी त्यांना परत आणते. डॉक्टर म्हणतात इस्पितळात नळीनं भरवता येतं. तसलं काही बाबांवर यायला नको, पण उपाशीही कसं ठेवायचं? मला इथे घास गोड लागत नाही.

रागावू नकोस. लोभ धरून आहेस म्हणून बोलते.

मिना

*

वेस्टकेर्के, २ ऑक्टोबर १९७२

चि. सौ. मिना हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. दक्षिणेकडच्या खाडीवर नेलं. ओहोटी लागलेली होती, चिखल चमकत होता, पक्षी उतरले होते. बाबांनी ताट मागून घेतलं आणि बटाटे संपवून पाव मागितला. तीही खाडी लवकर बंद करा, अशा अर्जावर मी सही केलेली आहे. आईसाठी केली, आणि आजही करेन. पण त्या दुपारी मी त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

पुढच्या वेळी नेलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. "लेव्हिन, हे पाणी त्या गावाचं आहे. दुसऱ्याच्या पाण्यावर मी किती दिवस जेवू?" त्यानंतर गाडीत बसायलाच तयार नाहीत.

मग मी जे केलं त्याला हसू नकोस. ते डुलकी घेत असताना बादली घेऊन बंदराच्या उतारावर गेलो आणि पाण्याच्या वरचे दगड भिजवले, म्हणजे पाणी नुकतंच उतरलंय असं वाटावं. खालून भरून घेत वर वर ओतत गेलो. पंपघरातली माणसं बघत होती. बघू दे.

बाबा जागे झाले. दगडांकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ओहोटीत वरचे दगड आधी वाळतात. तुझे खालचे आधी वाळले."

त्यांनी माझ्या ओल्या बाहीवर हात ठेवला आणि एवढा खपलास तर आण चार घास म्हणाले. दोन खाल्ले. तिसरा तोंडात तसाच राहिला, तो टानेत्येनं एप्रनच्या टोकात काढून घेतला. ते भुकेनं जेवले नाहीत, मिने. माझं मन राखायला जेवले.

इस्पितळाचं मी त्यांना विचारलं. नको म्हणाले. स्पष्ट म्हणाले, आणि त्या वेळी त्यांना सगळं कळत होतं.

आता त्यांना उठवत नाही. पलंग खिडकीशी ओढून दिलाय. तिथून उतार दिसतो. उद्या वरून सुरुवात करीन आणि खालचे दगड मागाहून भिजवीन, म्हणजे वरचे आधी वाळतील. याहून दुसरं मला काही सुचत नाही. तू लगेच नीघ. रस्ता धरणावरूनच आहे.

वाट पाहणारा,
लेव्हिनदादा