सात वाजेपर्यंत मावशी

१४ जुलै, सोमवार

आठवं आलं! पाळणाघरात म्हणतेय. माझी दोन धरली तर दिवसा या घरात दहा पोरं आणि मोठी अशी मी एकटी. दर्शन म्हणतो, "मानपाड्यात कंपन्या कमी पडल्या म्हणून तू घरात कारखाना काढलास." म्हणू दे नवरोजींना. मला सकाळपासून नुसता उत्साह चढलाय.

नवीन मुलीचं नाव जेनिफर. दोन वर्षांची, गाल असे की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जावा. अजून एक शब्द बोलत नाही. तिची आई लुर्दस, कल्याणच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. दारात उभी राहून रडायच्या बेतात — लुर्दस, जेनिफर नव्हे! तिला आत घेतलं, चहा दिला आणि आमच्याकडचा एकुलता एक कडक नियम सांगितला. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत या घरात 'आई' हा शब्द काढायचा नाही. एकाने काढला की संपलं. पोरांतला साकेत आधी भोंगा लावतो, त्याच्यामागून सगळी. मग कोणी कोणाचं ऐकत नाही, खाणं नाही, झोप नाही. म्हणून इथे मी सगळ्यांची मावशी.

"तुमच्या मुलांची पण?" लुर्दसने विचारलं.

तेवढ्यात दिपिका भागाकाराची वही घेऊन आली. "मावशी, बघ ना, बरोबर आलं का?" लुर्दस बघतच राहिली. दहा वर्षांची पोर, पण सातच्या आधी तिची जीभ एकदाही घसरत नाही. मीच कधीकधी चुकते. मला इतका अभिमान वाटला की भागाकार न तपासताच 'शाब्बास' लिहून टाकलं. चुकला होता तो.

१६ जुलै, बुधवार

सासूबाई आल्या. ठाण्याहून, चेंदणी कोळीवाड्यातून, पिशवीभर सुकट घेऊन. आल्या आल्या नेहमीचं सुरू. "काय गो दिपे, आज शाला कुठं भरली? सैपाकघरान का न्हानीघरान?" दिपिकाला शाळेतून काढून घरी शिकवायला लागले त्याला दोन वर्षं होत आली, पण त्यांना ते अजून पचलेलं नाही. मी ऐकते आणि सोडून देते.

पण आज वेगळंच झालं. मितेश — अडीच वर्षांचा माझा धाकटा — उंबऱ्याला अडखळून आपटला. ओठाला रक्त. आणि हात पसरून ओरडला, "मावशीऽऽ!"

सासूबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "यो कोनाला हाक मारतंय?"

"मला."

"आयशीला मावशी? अगो, पोर पडला का 'आय गो' येतंय तोंडान. ते कुनी शिकवाला लागत नाय. याच्या तोंडान आयच नाय?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, नियम आहे, सातनंतर बघा. सात वाजले, शेवटचं मूल गेलं. मितेशला समोर बसवलं. "मी कोण?" "मावशी." "आणि आता? आता सगळे गेले ना? आता कोण?" त्याने जरा विचार केला. "मावशी."

त्याला दुसरं काही ठाऊकच नाही! तो पोटात असल्यापासून हे पाळणाघर चालू आहे. दिपिकाला आधी आई मिळाली, मग मावशी. याला थेट मावशीच.

सासूबाई निघताना म्हणाल्या, "नारली पुनवेला समदा कोलीवाडा जमल. तिथं यो तुला मावशी बोलला ना, तर मी सांगन, ही शेजारीन हाय आमची." दर्शन हसून हसून लोळला. मीही हसले. पण भांडी लावताना एकदम डोळे भरून आले. मला ऐकायचंय ते त्याच्या तोंडून. पौर्णिमेच्या आत. ऐकणारच!

१७ जुलै, गुरुवार

मोहीम सुरू! दिपिकाने स्वतःच स्वतःची नेमणूक केली. "तुझ्याच्याने नाही होणार, तू लगेच हसतेस. मी शिकवते त्याला." तिने माझा फोटो फ्रिजला चिकटवला, खाली मोठ्या अक्षरात 'आई'. हातात पट्टी. बाई तयार.

हीच पोर शाळेत असताना रोज सकाळी उलटी करायची. वर्गात वर्षभर तोंड उघडलं नव्हतं तिने. आणि आज कमरेवर हात ठेवून धाकट्याला दम देतेय, "लक्ष कुठे आहे तुझं?" मी दाराआड उभी राहून बघत होते. काय निर्णय घेतला मी त्या वेळी! सगळे वेड्यात काढत होते मला.

दर्शनला मात्र मितेश 'पप्पा' म्हणतो. त्या शब्दावर बंदी नव्हती ना. दिवसभर कंपनीत, आणि घरी आल्यावर आयतं पप्पा. वर मलाच विचारतो, "मग शेजारीणबाई, जेवायला काय?"

२१ जुलै, सोमवार

फजिती. पहिला धडा दिपिकाने बाहेरच्या खोलीत घेतला, मुलं जेवत असताना. "मितेश, म्हण — आऽई." मितेशचं लक्ष पापडात. साकेतने मात्र ऐकलं. आधी खालचा ओठ बाहेर, मग डोळे, मग भोंगा. बघता बघता आठच्या आठ. जेनिफर तर कशासाठी रडायचं तेही न कळता रडत होती. वरच्या मजल्यावरचे काका खाली आले, त्यांना वाटलं गॅस फुटला.

वरणभात सगळीकडे. मितेश एकटाच शांत, साकेतच्या ताटातला पापड खात.

आता धडा स्वयंपाकघरात, दार लोटून, कुजबुजत.

२३ जुलै, बुधवार

आज म्हणाला — "आ"! मी श्वास रोखला. पुढे म्हणाला, "आंबा."

२५ जुलै, शुक्रवार

काय लिहू. हसू का रडू.

कुजबुजीच्या धड्याला रोज एक जास्तीची विद्यार्थिनी बसते ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जेनिफर. दिपिकाच्या पायाशी बसून बिस्कीट चोखत असते. आज सातला लुर्दस न्यायला आली. तिने हात पुढे केले. जेनिफर उलटी फिरली, माझ्या गुडघ्यांना मिठी मारली, वर बघितलं आणि स्पष्ट, खणखणीत म्हणाली, "आई."

तिचा पहिला शब्द.

लुर्दस हसली. पण ते हसणं खरं नव्हतं, बाईला बाईचं कळतं. "वर्ष झालं," ती म्हणाली, "मी घरी मम्मा बोल, मम्मा बोल करते." मग खाली बसून पोरीच्या पायात बूट घालायला लागली. उलटसुलट पायांत घातले. मी सांगितलंही नाही.

ज्या शब्दासाठी मी जीव टाकतेय तो मला मिळाला, आणि दुसरीचा काढून मिळाला. रात्री जेवण गेलं नाही. लुर्दसला काय वाटलं असेल ते मला नाही कळणार तर कोणाला?

२८ जुलै, सोमवार

जेनिफर आली नाही. फोन लावला, उचलला नाही. दिवसभर दाराकडे लक्ष. दिपिका म्हणाली, "माझ्यामुळे झालं का गं?" म्हटलं, नाही राणी, तू शिकवलंस म्हणून तर ती बोलली.

२९ जुलै, मंगळवार

आली! आली आली आली!

काल सर्दी होती म्हणे पोरीला, आणि लुर्दसची ड्युटी बदलली होती, फोन लॉकरमध्ये. आणि वर हसतेय. "अगं वर्षाली, काय सांगू तुला! रविवारी चर्चमध्ये फादरना आई बोलली. रिक्षावाल्याला आई बोलली. जो उचलेल तो आई! मी उचलली, तर मला पण बोलली. मला चालेल बाबा. पोरगी बोलायला तर लागली!"

मी तिला दारातच मिठी मारली. दोघी रडलो. आतून साकेतने बघितलं आणि काही विचारपूस न करता त्यानेही भोंगा लावला.

२ ऑगस्ट, शनिवार

अर्धा दिवस. दुपारी दिपिकाचा गणिताचा तास फोनवर, तिच्या आजोबांकडे. सासरे — गुणाजी — जन्मभर खाडीत होडी वल्हवलेले. ते तिला भरतीचं गणित शिकवतायत. तिथीची पाऊणपट करायची, की आली भरतीची वेळ. चतुर्थीला चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरणार. पाऊणकीचा पाढा पोरीने दोन दिवसांत पाठ केला. पौर्णिमेचे पंधरा धरून सव्वा अकरा काढले. मग तिनेच विचारलं, "आजोबा, पण समुद्रातून खाडीत यायला पाण्याला वेळ नाही का लागणार?" पलीकडून आजोबांचा आवाज आला, "हुशार हाय माजी नात! थोडा उशीर धराचा तिथं."

सासूबाई मागून काहीतरी बोलल्या. शाळेवरून टोमणा नव्हता, एवढं नक्की.

कोणत्या वर्गात शिकवलं असतं हे? मी दिपिकाला गरगर फिरवलं. "सोड ना मावशी, चक्कर येते," म्हणाली. तेवढ्यात मितेश फ्रिजपाशी जाऊन फोटोला बोट लावून उभा राहिला. मी धावले. तो म्हणाला, "मावशी."

५ ऑगस्ट, मंगळवार

काही नाही. 'आ' नाही, आंबा नाही. दिपिका म्हणते, "धीर धर, परीक्षेच्या दिवशी येतं सगळं." ही कोणाची भाषा? माझीच!

८ ऑगस्ट, शुक्रवार — नारळी पौर्णिमा

म्हणाला! म्हणाला!!

नीट लिहिते. पाळणाघराला सुट्टी दिली होती, सकाळीच कोळीवाड्यात गेलो. सासूबाई हिरव्या लुगड्यात, नाकात नथ, नुसत्या मिरवत होत्या. मितेशला लाल टोपी घातली होती, ती तो दर दोन पावलांवर काढून फेकत होता. संध्याकाळी सोन्याचा नारळ वाजतगाजत बंदरावर निघाला. गर्दी ही! मितेश सासूबाईंच्या कडेवर, मी मागे चुलत सासवांच्या घोळक्यात, त्यांच्या चौकशांना तोंड देत.

बेंजोवाल्यांनी एकदम जोरात सुरू केलं. मितेश दचकला. मान वळवून गर्दीत शोधायला लागला. आणि दोन्ही हात माझ्याकडे पसरून ओरडला — "आईऽऽ!"

आणि गंमत बघा, मी वळलेच नाही! मला 'मावशी'ला वळायची सवय. बायकांच्या गोंगाटात कोणाचं तरी पोर आईला हाक मारतंय, एवढंच कानावर आलं. दिपिकाने कोपराने ढोसलं. "अगं, तुला! तुला हाक मारतोय!"

मग मी कशी धावले, कोणाच्या पायावर पाय दिला, काही आठवत नाही. त्याला घेतलं. परत म्हणाला. गळ्याशी तोंड खुपसून, अगदी हळू. इतके दिवस काय ऐकायचं राहिलं होतं ते मला तेव्हा कळलं. सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले मी. सासूबाईंनी त्याच्या तोंडात करंजीचा तुकडा कोंबला, एक माझ्याही. म्हणाल्या, "जा, आता सून बोलन तुला." डोळे त्यांचेही ओले होते.

दिपिका आमच्या सगळ्यांच्या चपला दोन्ही हातांत धरून उभी होती. टाळ्या वाजवता येईनात, म्हणून नुसती जागच्या जागी उड्या मारत होती. माझी बाई! घरी आल्यावर मी तिला विचारलं, काय बक्षीस हवं? म्हणाली, "काही नको. मला आवडलं शिकवायला."

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. मितेश दिवसभर आई आई आई. पाणी हवं तरी आई, नको तरी आई. पंख्यालासुद्धा एकदा म्हणाला. मी प्रत्येक वेळी ओ देतेय. दर्शन म्हणतो, "शेजारीणबाई गेल्या वाटतं?" गेल्या म्हटलं, कायमच्या.

सोमवारपासून नियम बंद. साकेतचा भोंगा बघून घेईन मी!

१० ऑगस्ट, रविवार

सुट्टी. घरात आम्ही चौघंच. दुपारी वाऱ्याने बाल्कनीचं दार आपटलं आणि दिपिकाचं बोट सापडलं. नख काळंनिळं. कळ मस्तकात गेली असणार, कळवळून किंचाळली — "मावशी गं!"