लेकरू खोटं बोलत नाही

८ जानेवारी २०२४, सोमवार

प्रफुल्ल सरांनी माझ्या गळ्यात मारलंच! गॅदरिंगला सातवीचं नाटक. लिहिलंय त्यांनीच. गावात एका म्हातारीवर करणीचा आळ येतो, एक पोरगी साक्ष देते — 'मी पाहिलं'. शेवटी तीच पोरगी सगळ्यांसमोर खरं बोलते, गाव हात जोडतं, म्हातारी तिला पोटाशी धरते. पडदा!

"मॅडम, मुली तुमचं ऐकतात, तुम्हीच बसवा," म्हणाले. हो म्हणून बसले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

१० जानेवारी

डबा तसाच परत आणला.

१२ जानेवारी

साक्ष देणारीचं काम वैष्णवीला दिलं. पोट्टी हुशार, पाठांतर एका दिवसात. पण 'मी पाहिलं' म्हणताना हसते. दहादा करून घेतलं, दहादा हसली. शेवटी तीच वैतागली. "मॅडम, ही पोरगी खोटं काहून बोलली? म्हातारीनं तिचं काय केलतं?"

मी म्हटलं, घाबरली म्हणून.

"कोणाले?"

मी खेकसले तिच्यावर. बिचारीनं काय वाकडं विचारलं होतं? घरी येताना आर्णीच्या बाजारातून कोथिंबीर घ्यायची होती, तीही राहिली.

१५ जानेवारी, संक्रांत

माहेरी आले. घाटंजीहून ऑटोनं अर्धा तास. जेवणं झाल्यावर आईला सहज विचारल्यासारखं विचारलं — मैनाबाई आता कुठं असते गं? आईच्या हातातलं ताट थांबलं. "सणाच्या दिवशी तिचं नाव कायले घेते?" अन् भांडी घासायला उठून गेली.

आता लिहूनच टाकते. येत्या एप्रिलला बावीस वर्षं होतील. कुठंच लिहिलं नाही, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

मी दहा वर्षांची. आई दुसऱ्याच्या वावरात कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं वेचायला गेली होती. माझा भाऊ गोलू, आठ महिन्यांचा, बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात निजवलेला. मला बजावलं होतं — सावली सरकली की त्याला उचलून पलीकडे घे, इथून हलू नको. मी हलले. नाल्यापलीकडे टेंभरं पिकली होती. पोटभर खाल्ली, ओट्यात भरली. किती वेळ गेला, देव जाणे.

परत आले तर मैनाबाई गोलूला मांडीवर घेऊन सावलीत बसलेली. आमच्या शेजारची, मूलबाळ नसलेली, नवरा वारलेला. पदर ओला करून त्याच्या तोंडावरून फिरवत होती. "कुठं गेलती व? पोरगं उन्हानं तापलं. मायले हाक मार, पळ!"

दिवस मावळायच्या आत गोलू गेला.

मग करणी ओळखणाऱ्या जाणत्याला बोलावलं. आमच्याकडे रीत होती — असं काही झालं की घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या मुठीत तांदूळ द्यायचे अन् त्याला विचारायचं. लेकरू खोटं बोलत नाही, त्याच्या तोंडून देव बोलते म्हणायचे. गोलू गेल्यावर सगळ्यात लहान मीच. बाबा समोर उभे. बाबांचा हात मला माहीत होता. जाणत्यानं विचारलं, लेकराजवळ कोण आलतं?

मी म्हटलं — मैनाबाई आलती. तिनं गोलूले उचललं. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली.

पहिली दोन खरी होती! तिसरं तेवढं खोटं. तेवढ्यानं काम झालं.

तिला मारुतीच्या पारावर बसवलं. कबूल हो, गावात राहू देतो म्हणाले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत विचारत होते. ती एकच म्हणत होती, "न केलेलं कसं सांगू?" त्या लेकरापाशी मी नव्हते, हे तिनं पाहिलं होतं. सांगितलं असतं तर सुटली असती. नाही सांगितलं. माझ्याकडे पाहिलं अन् गप्प बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या घराच्या छपरावरची कवेलू फोडली. ती एक गाठोडं घेऊन पायीच निघून गेली.

मी पाहत होते. मी लेकरूच होते ना!

१८ जानेवारी

पत्ता मिळाला. माहेरच्या किराणावाल्याला माहीत होतं. केळापूरला असते, भाच्याकडे.

१९ जानेवारी

तालीम. शेवटचा प्रवेश आज जमला. पोरगी खरं बोलते अन् म्हातारी तिला पोटाशी धरते, तिथं माझेच डोळे भरून आले. किती सोपं आहे! तोंड उघडायचं, बस. मी बावीस वर्षं कशाला घालवली?

२१ जानेवारी, रविवार

जाऊन आले. सगळं नीट लिहिते.

भाच्याची बायको नंदाबाई. चांगली बाई, लगेच चहा टाकला. मी एवढंच सांगितलं की मैनाबाईच्या जुन्या गावची, भेटायला आले. अंगणात शेजारच्या दोघी तूर पाखडत होत्या. बाजेवर नंदाबाईची सहा महिन्यांची पोरगी हातपाय हलवत होती, अन् मैनाबाई तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेली. एवढीशी झाली आहे. नंदाबाई हसत म्हणाली, "आमच्या म्हातारीले लेकरं आवडतच नाही. पोरगी झाली तवापासून तिचं तोंड नाही पाह्यलं."

मी जवळ बसले, नाव सांगितलं. ऐकू गेलं नाही. कानानं कमी झाली आहे. मग मोठ्यानं बोलले. ओरडूनच बोलले! रुपाली, गोलूची बहीण. गोलूला मी उन्हात सोडून गेले होते. तुम्ही करणी केली असं गावानं म्हटलं ते खोटं होतं, तुम्ही मंत्र म्हटला असं मीच खोटं सांगितलं, तुम्ही त्याला सावलीत घेतलं होतं. तीन-तीनदा सांगितलं. मागं सुपाचा आवाज बंद झाला होता.

मैनाबाईनं माझा हात धरला. वाटलं, आता पोटाशी धरेल.

"नाही वं माय," म्हणाली. "एवढं गाव खोटं बोलन काय? मलेही आधी समजत नव्हतं. मंग बसल्या बसल्या ध्यानात आलं. मी हात लावला न त्याले. हात लावला अन् गेलं ते."

मी रडत सुटले. नाही, नाही म्हणत राहिले. ती मलाच समजावत होती, पाठीवरून हात फिरवत होती. "तू कायले जिवाले लावून घेते? तू लहान होती. लेकरू खोटं बोलत नाही."

पारावर दिवसभर जिनं कबूल केलं नाही, तिनं एकटीनं बसून कबूल केलं. ही मी केलेली गोष्ट आहे.

पण बोलले एकदाची. छातीवरचं ओझं थोडं उतरलं, खोटं कशाला लिहू. घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या.

२३ जानेवारी

आईला फोनवर सांगितलं. सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाटकं शिकवून शिकवून तुह्यं डोकं फिरलं." फोन ठेवला.

२५ जानेवारी

गॅदरिंग. वैष्णवी आज हसली नाही. असं बोलली की बायका पदरानं डोळे पुसत होत्या. पहिला नंबर आमचाच! प्रफुल्ल सर स्टेजवर माझं कौतुक करत होते — खरं बोलायला उशीर कधीच होत नसतो, वगैरे. मी हार घालून घेतला.

३ फेब्रुवारी

नंदाबाईचा फोन. पोरीला चार दिवसांपासून ताप. दवाखाना चालू आहे, उतरत नाही. म्हातारीला मागच्या गोठ्यात ठेवलं आहे. जेवण दुरून सरकवतात. तिचीही काही तक्रार नाही, दार लावून घ्या म्हणते. शेजारच्यांनी आज जाणत्याला बोलावलं आहे. मी पुन्हा ओरडले — अहो, खोटं आहे ते, मी सांगितलं ना तुम्हाला!

"आमाले कुठं माहीत होतं, मॅडम?" नंदाबाई म्हणाली. "पंधरा वर्षं झाली तिले आमच्यात. करणीचं तुमीच त येऊन सांगतलं."