क्वांग तेवढं ठेवलं

७ मार्च
विभागाच्या वेबसाइटवर निबंध आला. सोबत दोन पानांचा चिनी गोषवारा, माझाच. मॅडम म्हणाल्या, प्रबंधाचा कणा हाच. गाईडकडून एवढं पुष्कळ.
पप्पांना मोबाइलवर दाखवलं. चिनी पानावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हे सगळं येतं तुला. आणि एसीच्या रिमोटवर काय लिहिलंय ते दोन वर्षं सांगत नाहीयेस."
छनकाकांना कळवायचं राहिलं.

९ मार्च
प्रबंधासाठी नावांची यादी. खरी नावं फक्त या वहीत.
छन क्वांग-लिन, म्हणजे छनकाका. पप्पांच्या एमआयडीसीतल्या कंपनीत मशीन बसवायला आले होते. पाच महिने घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर. मी दुभाषी.
छन क्वांग-शान, त्यांचे मोठे भाऊ. तिकडच्या रासायनिक कारखान्यात टाकी साफ करायला उतरले, वर आले नाहीत. घरच्यांनी गप्प राहायचं ठरलं. पुढे मुलाला त्याच कारखान्यात नोकरी मिळाली. हे सगळं काकांनीच सांगितलं, मी फोनवर रेकॉर्ड केलं.
पप्पा तेव्हा ऐकून एवढंच म्हणाले होते, "आपल्याकडे अनुकंपा म्हणतात."
निबंधात छनचं ली केलं. लिन आणि शान बदलले. क्वांग तेवढं ठेवलं, कानाला बरं वाटलं म्हणून. तालुका खरा ठेवला. मॅडमना हवा होता.

१८ मार्च
छनकाकांचा आवाजी निरोप. तीनदा ऐकला.
पुतण्याला कारखान्याच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझा गोषवारा, छापलेला. हा ली कोण म्हणून विचारलं नाही. तुझा काका परदेशात कुणाशी काय बोलला, एवढंच विचारलं.
काका रागावलेले नाहीत. आवाज ऑफिसात बोलतात तसा. मला नेहमी नावाने हाक मारतात. आज नाव घेतलं नाही.

१९ मार्च
एका पिढीतल्या सगळ्या भावंडांच्या नावात मधलं अक्षर एकच. घराण्याने ठरवून दिलेलं. पहिल्या सत्रात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलं होतं. पैकीच्या पैकी.
क्वांग, खरा तालुका, टाकी. गावात एवढं पुरलं.
आमच्याकडे आडनाव सांगितलं की सगळं सांगून होतं. पप्पा कामाला लागले तेव्हा साहेबाने पहिल्यांदा तेच विचारलं, आणि मग पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. शाळेत मी नुसतं वडिलांचं नाव लावायचे. लपवायचं म्हटल्यावर माझा हात आपोआप आडनावावर गेला. ते झाकलं आणि निर्धास्त झाले.
पाच वर्षं भाषा शिकते आहे.

२१ मार्च
विद्यापीठात गेले. वेबसाइटवरून निबंध उतरवायला सांगितलं. अर्ज, सही, दुपारी उतरला. कुणी वाचला, कुणी डाउनलोड करून घेतला, ते आता कळायचं नाही.
मॅडम म्हणाल्या, तालुका मीच ठेवायला लावला. थोड्या वेळाने: नाव काढ, तालुका काढ, प्रसंग ठेव. प्रबंध पंधरा एप्रिलला द्यायचा आहे.
प्रसंग ठेव.

२४ मार्च
काकांना कळवलं, उतरवला. त्यांचं उत्तर: रेकॉर्डिंगही पुसून टाक. मी हो म्हणाले.
पप्पा भाजी निवडत होते. त्यांना सांगितलं.
"शब्द दिलास?"
"दिला."
"मग पूस. बसलीस कशाला?"
फोन हातात घेतला. एकेचाळीस मिनिटांची फाइल. उद्या.

२५ मार्च
नाही पुसली. प्रबंधाला पुरावा लागेल, असं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. प्रबंधातून हे प्रकरण काढायचं मी कालच ठरवलंय.

२८ मार्च
पुतण्याचा ईमेल. माझा पत्ता निबंधाखाली होता.
वय चोवीस. लिहितो, वडील गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याला सांगितलं होतं, कामावर असताना हृदय बंद पडलं. अकरा वर्षं तेच धरून चालला. नोकरी कारखान्याने दयेने दिली, असंही. दरवर्षी नववर्षाला तो साहेबांकडे फळं घेऊन जातो.
ऑफिसात टेबलावरचा कागद त्याने उलटा वाचला. टाकी हा शब्द वाचला.
आता नोकरीचं काय होईल, याबद्दल एक ओळही नाही. काकांना विचारलं तर ते उठून जातात, असं लिहितो. रेकॉर्डिंग मागतो. ते नाही तर एका प्रश्नाचं उत्तर: वडील लगेच गेले का?

३० मार्च, रविवार
पप्पा विहारातून आले. पांढरा शर्ट बदलण्याआधी त्यांना ईमेल वाचून दाखवला, मराठी करत. चौथ्या ओळीला थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं. फळांची ओळ.
म्हणाले, "मुलाला कुणीच नाही सांगितलं?"
"नाही."
"आई आहे त्याला?"
"आहे. तिला ठाऊक असणार."
शर्टाची बटणं काढत बसले. एक काढून पुन्हा लावलं.
मी विचारलं, आता काय करू. परवा पूस म्हणालात.
"परवा मला मुलगा माहीत नव्हता."
जेवताना आपल्या कंपनीतल्या एका स्फोटाबद्दल बोलायला लागले, मी सहावीत असतानाचा. मग भात मागितला आणि विषय तिथेच राहिला. मीही खोदून विचारलं नाही. गप्प राहण्यासाठी त्यांनी तेव्हा कशावर सही केली होती का, हे मला आजवर विचारावंसं वाटलं नव्हतं.

१ एप्रिल
काकांना लिहिलं: पुतण्याने मला पत्र पाठवलंय, तुम्हीच त्याला सांगा. निरोप वाचल्याची खूण आली. उत्तर नाही.

३ एप्रिल
उत्तर नाही. प्रबंधातून चौथं प्रकरण काढलं. पानांचे क्रमांक बदलले. मॅडमना पाठवलं.

४ एप्रिल
पुतण्याचा दुसरा ईमेल, दोन ओळी. आई म्हणते, विचारू नकोस. तुम्ही परक्या आहात, तुम्हाला सांगता येईल.
दुपारी रेकॉर्डिंग लावलं. छत्तिसाव्या मिनिटाला काका थांबतात. खालून रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज. मग माझा आवाज, मऊ, जरा जास्तच मऊ: सांगा काका, मी कुणाला सांगणार नाही.
पुढे ते सांगतात. आतून आवाज किती वेळ येत होता. झाकणाजवळ कोण उभं होतं, वरून हुकूम यायची वाट बघत.
ईमेलचं उत्तर उघडलं. त्याचं नाव लिहिलं, पुढे स्वल्पविराम.
लगेच गेले का, एवढंच त्याने विचारलंय. मला माहीत आहे.