नऊ दारं

२१ एप्रिल, गुरुवार

संपलं! नगरसेवक न्गेमानं आज हॉलच्या दारावर कागद चिकटवला. जूनपासून मागची खोली भाड्यानं. कुणाला? त्याच्याच मेव्हण्याला! मयतीला तंबू-खुर्च्या पुरवतो तो. म्हणजे दर गुरुवारी जिथं आम्ही एचआयव्हीच्या गोळ्या घेतो, तिथं मयतीच्या खुर्च्या रचणार.

सिस्टर झुंगूंनी चष्मा लावून कागद वाचला. "दूरचं बघणारा माणूस आहे हं. गोळ्या बंद केल्यावर खुर्च्या लागणारच." सगळे हसलो. घरी येऊन मी रडले.

हॉस्पिटलला दोन टॅक्सी बदलाव्या लागतात. अर्धे जाणार नाहीत. कोण जाणार नाही तेही मला माहीत आहे.

आता एकच उरलं — अठरा मेची निवडणूक. सिस्टर अपक्ष उभ्या आहेत. बत्तीस वर्षं नर्स, भाषण दोन मिनिटांचं. पडतीलच बहुतेक.

२८ एप्रिल, गुरुवार

सहा दिवस दारोदार. पाय गेले.

एकजण म्हणाला, "गेल्या खेपेला मत दिलं, नळ अजून कोरडाच." दुसरा — "छातीवर आजार लिहून हिंडतेस, लाज नाही वाटत?" म्हटलं, नाही वाटत, भाऊ. तुम्ही वाचलंत, हेच पुष्कळ!

हा टी-शर्ट. पांढऱ्यावर जांभळी अक्षरं — एचआयव्ही पॉझिटिव्ह. सहा वर्षांपूर्वी पाच जणींनी शपथ घेतली होती, कामाला बाहेर पडायचं ते हाच घालून. लपायचं नाही, कुणापासून नाही. पाचांतल्या मी आणि थेम्बेका उरलोय. अक्षरांना भेगा पडल्यात. आता तो अंगात आहे हेसुद्धा लक्षात राहत नाही.

बाहेरचं कुणी सिस्टरना मत देईल असं वाटत नाही. आपलीच माणसं बाहेर काढायला हवीत.

५ मे, गुरुवार

आपल्यातली नऊ जणं रांगेत उभी राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी सोय आहे. अर्ज केला की मतदानाआधी अधिकारी पेटी घेऊन घरी येतात. फॉर्म मीच भरले. आठ झाले, नवव्या दाराशी अडलं.

नोक्वांडा. सव्वीस वर्षांची. टीबीतून उठली, पण नळापर्यंत चालवत नाही. नवरा दूर रुस्टनबर्गला खाणीत, नाताळला येतो. घरात सासू, मा-सिबिया. तिला फक्त टीबी माहीत आहे, पुढचं काही नाही.

"नको गं, सिसी बोंगी. सासूनं काही विचारलं तर?" मला सिसी, म्हणजे ताई म्हणते ती.

"काय विचारेल? टीबीच्या माणसालाही मिळतं हे मत. गाडी येईल, कागद देतील, जातील. कुणाला काय कळणार!"

"नक्की?"

"नक्की."

सही केली तिनं. मला वाटलं, मोठी कामगिरी केली मी.

९ मे, सोमवार

न्गेमाच्या सभेत फुकट भात-मटण. आमच्या सभेत एकवीस डोकी. त्यातली चार तिथूनच जेवून आलेली!

१६ मे, सोमवार

नऊच्या नऊ मतं पेटीत!

सकाळी गाडी आली. दोन अधिकारी आणि एक पोलीस. अधिकाऱ्यांतली एक शहरातली पोरगी, हातात यादी, वैतागलेली. "इथं घरांना नंबर का नाहीत?" म्हटलं, आम्हाला माणसं माहीत असतात, नंबर कशाला? "मग तुम्हीच पुढे चाला, आम्ही मागून येतो."

चालले मी. पुढे मी, मागे गाडी. पायऱ्यापायऱ्यांवर लोक उभे राहिले बघायला. मान ताठ झाली माझी. म्हटलं बघा, आमच्या आजाऱ्यांसाठी सरकार दारात आलंय!

नोक्वांडाच्या दारात मा-सिबिया कपडे पिळत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली पाहत राहिली. हातातल्या चादरीचं पाणी पायावर गळत होतं तरी तिचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, पोलिसाला घाबरली.

नोक्वांडानं उशीला टेकून मत दिलं. अंगठ्याची शाई मला दाखवून हसली.

१७ मे, मंगळवार

काय करून बसले मी!

गोगो म्खिझेंकडे सूप घेऊन गेले. नऊतल्याच त्या आजी, एकाहत्तर वर्षांच्या. दार उघडलं नाही. आतूनच बोलल्या — "सहा वर्षं शेजारणीला मी साखरेचा आजार सांगत होते. काल तू छातीवर अक्षरं लावून माझ्या दाराशी थांबलीस. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. लोकांना वाचता येतं, पोरी."

तेव्हा मी खाली पाहिलं. आजही तोच टी-शर्ट अंगात.

कालच्या पायऱ्यांवरचे लोक मतपेटी बघत नव्हते. दारं मोजत होते. आणि मी मान ताठ करून त्यांना एकेक दाखवत होते! शपथ माझी होती. त्या नऊ जणांनी कुठली शपथ घेतली होती?

धावत नोक्वांडाकडे गेले. दाराबाहेर तिची गादी, बादली, कप. मा-सिबियानं खिडकीतून सांगितलं, "गेली पहाटे." कुठं? "मला काय ठाऊक!" खिडकी बंद.

फोन लागत नाही. तिच्याकडे पंचवीस तारखेपर्यंतच्याच गोळ्या आहेत.

१८ मे, बुधवार

मत दिलं. स्वेटर घालून गेले.

१९ मे, गुरुवार

सिस्टर निवडून आल्या. सात मतांनी.

बायकांनी गाणी म्हटली, सिस्टरना खुर्चीसकट उचललं. "बोंगी, तुझी ती नऊ मतं नसती तर!" म्हणून थेम्बेकानं मला मिठी मारली. मी तिचे हात सोडवले. मागे जाऊन नळावर तोंड धुतलं.

२३ मे, सोमवार

नोक्वांडाच्या माहेरी फोन. आलेली नाही. तिच्या नवऱ्याला केला. त्यानं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. टॅक्सी-तळावर दोन तास विचारत फिरले. काही नाही.

नऊतलं एकही दार उघडत नाही.

२६ मे, गुरुवार

खोली आपली राहिली. सिस्टरनी स्वतः झाडली. नऊ जणांच्या घरचं कुणीही गोळ्या न्यायला आलं नाही.

सगळे गेल्यावर मा-सिबिया आली. उभीच राहिली. म्हटलं, भांडायला आली असेल, भांडू दे. तिनं पोलक्यातून रुमाल काढला, रुमालातून कार्ड. हॉस्पिटलचं, आपल्या गोळ्यांच्या कार्डासारखंच. कडा झिजलेल्या, आठ वर्षांचं.

"तू चालत येत होतीस ना, मला वाटलं माझ्याकडेच येतेयस. कुणीतरी तुला माझं सांगितलं." तिनं कार्ड पुन्हा रुमालात गुंडाळलं. "म्हटलं, तिला बाहेर काढलं की लोक तिच्याकडेच बघतील."

मी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

तिनं कपाटाकडे पाहिलं. नोक्वांडाची गोळ्यांची पिशवी तिथंच, नाव लिहिलेली.

"कधीपर्यंत पुरतील गं तिला?"

"काल संपल्या, मा."