चेहऱ्याखालचा रंग

बारामती,
३ नोव्हेंबर २०२५

ती. दत्तामामांच्या सेवेशी,
माधवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तीस तारखेला आईचं वर्षश्राद्ध आहे आणि तिचं तैलचित्र मी काढते आहे. आधारकार्डावरचा सोडला तर आईचा एकच फोटो आहे, लग्नाआधीचा, हाताने रंगवलेला. तो देताना विजयदादाने बजावलं की आईला जरा उजळ काढ, पावणे येणार हायेत. मामा, मला किळस आली. मेलेल्या बाईला कसला उजळपणा लागतो?

तीनदा चेहरा काढला, तीनदा पुसला. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग काळपट वाटतो, मग मी त्यात पांढरा मिसळत बसते. आज आई पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसत होती. स्वतःच्याच हाताचा वीट आला. खाली कोणता रंग देऊ ते कळवा.

मामींना साखर चोरून खाऊ देऊ नका. लोभ आहेच, तो वाढता ठेवा.

आपली,
माधवी

इंदापूर,
८ नोव्हेंबर २०२५

चि. माधवीस,
अ. उ. आ.

साखर मामी नाही, मी चोरतो.

पांढऱ्यावर चेहरा काढायला बसू नये, हे तुला शाळेपासून सांगतोय. तपकिरी बर्न्ट अंबरमध्ये थोडा मातकट पिवळा यलो ऑकर घे, टर्पेंटाइनने पातळ कर, कॅनव्हासभर फास आणि चिंधीने पूस. दोन दिवस वाळू दे. हा रंग चेहऱ्यावरच्या उजेडाच्या आणि सावलीच्या मधला हवा. मग उजेड तेवढा वर चढवायचा, सावली खाली न्यायची. करड्या रंगाच्या नादी लागू नकोस, तुझ्या आईच्या, आमच्या संजूच्या, कातडीत ऊब होती.

आणि त्या फोटोवर जाऊ नकोस. तो रंग माझा आहे. तेव्हा मी स्टुडिओत फोटो रंगवायचो. तुझे वडील फौजेत, रजा मिळेना, होकार फोटोवरच यायचा होता. आमचे वडील, म्हणजे तुझे आजोबा, म्हणाले की पोरगी जरा गोरी कर. मी केली. होकार आला. पुढचं तुला ठाऊक असेलच.

आशीर्वाद घे, आणि राग आला तर तोही कळव.

तुझा,
दत्तामामा

बारामती,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
माधवीचा नमस्कार.

पुढचं मला ठाऊक नव्हतं. आई पावडर लावल्याशिवाय कधी दारात आली नाही, तापाने फणफणली तरी. कुणी फोटो काढायला लागलं की मोरीत जाऊन बसायची. आम्ही भावंडं हसायचो. परवा कुशाआत्याला विचारलं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी आजीने, बाबांच्या आईने, तो फोटो आईच्या तोंडाशेजारी धरून गल्लीतल्या बायकांना दाखवला होता. तुमची किळस आली मामा, आणि आमच्या हसण्याचीही.

रंग मात्र तुम्ही खरा सांगितलात. तोच दिला. गालावर आणि गळ्यावर वर काही चढवलंच नाही, खालचा रंग उघडा ठेवला, आणि तिथे आई आली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्सने तोंड पुसल्यावर दिसत होती, तशी.

दादा बघून म्हणाला की ही आपली आई न्हाय, भिंतीवर फोटोच लावू. तुम्ही फासलेला रंगच त्याला आई वाटतो.

तीस तारखेला या. चित्र मी झाकून ठेवणार आहे. पावण्यांसमोर ते तुम्ही उघडायचं, आणि फोटोतली बाई कुणी गोरी केली तेही तुम्हीच सांगायचं. नाही आलात तर भिंतीवर तीच लागेल.

लोभ असावा, हे या वेळी लिहवत नाही.

माधवी